शाबोलोव्काचा मनोरा : सरळ रेषांची कविता आणि एका आवाजाचा इतिहास

विसाव्या शतकाच्या कलेतिहासात जो मनोरा सर्वांत अधिक गाजला तो कधी बांधलाच गेला नाही. व्लादिमिर तात्लिन या रशियन चित्रकाराने १९१९–२० साली तिसऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या स्मारकाचा आराखडा केला. चारशे मीटर उंचीचा, तिरका, सर्पिल असा तो पोलादी सांगाडा होता आणि त्याच्या आत वेगवेगळ्या गतींनी फिरणारी काचेची दालने कल्पिलेली होती. १९२० च्या नोव्हेंबरात पेट्रोग्राड येथे त्याची लाकडी प्रतिकृती मांडण्यात आली. प्रत्यक्ष मनोरा अर्थातच उभा राहिला नाही. राहणे शक्यही नव्हते. पण आधुनिक कलेवरचे बहुतेक सर्व ग्रंथ त्याची दखल घेतात आणि साहित्याच्या वर्गात 'अव्हां गार्द'चा विषय निघाला की ते छायाचित्र हमखास पुढे येते.

नेमक्या त्याच वर्षांत मॉस्कोमध्ये एक दुसरा मनोरा खरोखर उभा राहत होता. शहराच्या दक्षिण भागातील शाबोलोव्का या रस्त्यावरच्या या मनोऱ्याची उंची सुमारे १५० मीटर. कर्ता व्लादिमिर ग्रिगोर्येविच शुखोव्ह. वय ६६. पेशाने अभियंता. क्रांतिकारक तर तो नव्हताच, आणि कलावंत म्हणूनही त्याला कोणी ओळखत नव्हते. १९ मार्च १९२२ रोजी या मनोऱ्यावरून प्रक्षेपण सुरू झाले. शंभर वर्षे उलटून गेली तरी तो उभा आहे. एकाच काळाने एकाच शहरसंस्कृतीत दोन मनोरे कल्पिले. एक साहित्याने उचलला, दुसऱ्याच्या छायेत शहर जगले. साहित्याच्या अभ्यासकांनी या दुसऱ्या मनोऱ्याकडे वळावे, त्याची रचना आणि त्याचे प्राक्तन दोन्ही वाचून पाहावे, असे आम्हाला वाटते. कारण रूप आणि आशय यांच्या नात्याविषयी आपण जे प्रश्न कवितेला विचारतो, ते सगळे या लोखंडी जाळीलाही विचारता येतात; आणि उत्तरे तितकी सोयीची निघत नाहीत.

*

प्रथम रूपाविषयी.

काटक्यांची एक मोळी घ्यावी, मधोमध सैलसर बांधावी आणि वरचे व खालचे टोक विरुद्ध दिशांना पिळावे. मोळीला कंबर निघते. डमरूसारखा आकार तयार होतो. बाहेरची कड पाहिली तर ती स्पष्टपणे वक्र दिसते. पण हात लावून पाहिले तर एकही काटकी वाकलेली नसते. सगळ्या सरळच असतात, फक्त तिरप्या. गणितात या पृष्ठभागाला हायपरबोलॉइड म्हणतात. मराठी पाठ्यपुस्तकांत ज्याला आपण 'अपास्त' म्हणून शिकलो, तो वक्र त्याच्या अक्षाभोवती फिरवला की हे पृष्ठ मिळते. त्याचे वैशिष्ट्य असे, की त्याच्या प्रत्येक बिंदूतून दोन सरळ रेषा जातात आणि त्या दोन्ही संपूर्णपणे त्या पृष्ठावरच राहतात. म्हणजे वक्रता हा इथे अनेक सरळ रेषांनी मिळून साधलेला परिणाम आहे. कोणत्याही एका रेषेचा तो गुण नाही.

गणितज्ञांना ही गोष्ट शुखोव्हच्या बऱ्याच आधीपासून ठाऊक होती. तिचे बांधकामातील मोल मात्र त्याने ओळखले. लोखंडाची पट्टी वाकवणे खर्चाचे आणि जिकिरीचे काम. सरळ पट्टी कोणत्याही कारखान्यात मिळते. सरळ पट्ट्या दोन विरुद्ध दिशांनी तिरक्या लावून जिथे छेदतील तिथे रिव्हेटांनी जोडल्या आणि मधूनमधून आडवी कडी घातली, तर एक जाळी तयार होते. ही जाळी भार पेलते, पिळाला दाद देत नाही, आणि वारा तिच्यातून आरपार निघून जातो. उंच मनोऱ्याचा खरा शत्रू त्याचे वजन नसून वारा असतो. भिंत वाऱ्याशी झुंजते. जाळी त्याला वाट देते. ही कल्पना शुखोव्हला उलट्या ठेवलेल्या विणलेल्या टोपलीवरची जड कुंडी पाहून सुचली, अशी एक कथा सांगतात. कथा खरी असो वा नसो, ती अर्थपूर्ण आहे. आपल्याकडचे बुरूड बांबूच्या कामट्यांतून जे ज्ञान पिढ्यान्‌पिढ्या हातांनी वापरत आले, त्याचेच हे लोखंडातले आणि समीकरणातले रूप होते.

१८९६ साली निझ्नी नोव्हगोरोद येथे भरलेल्या अखिल रशियन औद्योगिक व कलाप्रदर्शनात शुखोव्हने या पद्धतीचा पहिला मनोरा उभारला. तो पाण्याच्या टाकीचा होता. प्रदर्शन संपल्यावर एका धनिकाने तो विकत घेऊन पोलिबिनो येथील आपल्या जहागिरीत नेला. तिथे तो अजून आहे. पुढे त्याच्या आराखड्यांवरून पाण्याचे मनोरे, दीपगृहे, विजेच्या तारांचे खांब अशा दोनशेच्या घरात रचना उभ्या राहिल्या. नीपर नदीच्या मुखाशी, खेर्सोनजवळ, १९११ साली बांधलेले अदझिगोल दीपगृह त्यांतलेच.

शुखोव्हचा आवाका एवढ्यावर थांबत नाही. बाकूच्या तेलक्षेत्रातील रशियाची पहिली तेलवाहिनी (१८७८), खनिज तेलाच्या उष्णतेने विघटन करण्याच्या पद्धतीचे १८९१ चे पेटंट, मॉस्कोच्या लाल चौकातील मोठ्या बाजारपेठेचे काचेचे छत, कीव स्थानकाच्या फलाटांवरची कमान, आणि उतारवयात, १९३२ साली, समरकंदच्या उलुगबेग मदरशाचा कललेला मिनार सरळ करण्याचे काम, एवढा त्याचा पसारा आहे. या सर्वांमागे एकच वृत्ती दिसते : कमीत कमी द्रव्य, जास्तीत जास्त आधार. आपल्या परंपरेच्या परिभाषेत बोलायचे तर ही सूत्रकाराची वृत्ती होय. अर्धी मात्रा वाचली तरी वैयाकरणाला पुत्रजन्माचा आनंद होतो, असे आपल्याकडे म्हटले जाते. शुखोव्हला तो आनंद लोखंडाच्या मणामणात होत असावा.

*

आता प्रसंगाविषयी.

३० जुलै १९१९ रोजी लेनिनच्या सहीने हुकूम निघाला. प्रजासत्ताकाच्या केंद्राचा पाश्चात्त्य देशांशी आणि सीमेवरच्या प्रांतांशी भरवशाचा, अखंड संपर्क राहावा यासाठी मॉस्कोत तातडीने रेडिओ केंद्र उभारावे, असा त्याचा आशय. यादवी युद्ध चालू होते. नव्या राजवटीला चहूबाजूंनी वेढा पडला होता. तारा तोडता येतात, टपाल अडवता येते. हवेतून जाणारा संदेश अडवणे तितके सोपे नसते.

शुखोव्हचा पहिला आराखडा ३५० मीटर उंचीचा होता. १८८९ साली पॅरिसमध्ये उभा राहिलेला आयफेल मनोरा सुमारे ३०० मीटर उंच आणि त्यातील लोखंड ७,३०० टनांच्या आसपास. शुखोव्हचा मनोरा त्याहून उंच होऊनही सुमारे २,२०० टनांत भागणार होता. ही तुलना आजही स्थापत्याच्या वर्गांत दिली जाते, आणि ती रास्तच आहे. पण १९१९ च्या रशियात २,२०० टन लोखंड म्हणजे निव्वळ कल्पना होती. उंची १५० मीटरवर आणावी लागली, वजन सुमारे २४० टनांवर आले. आणि तेवढे लोखंडही सैन्याच्या साठ्यातून काढावे लागले. म्हणजे आज आपण जो मनोरा पाहतो तो मूळ कल्पनेचा संक्षेप आहे. आणि तरीही तो अपुरा वाटत नाही. शैलीचा कस कदाचित यातच असावा : साधने निम्म्याहून कमी झाली तरी वाक्य पूर्ण वाटले पाहिजे.

मार्च १९२० मध्ये काम सुरू झाले. सहा भाग, प्रत्येक सुमारे २५ मीटर उंचीचा, एकावर एक ठेवलेले. प्रत्येक भाग स्वतंत्र हायपरबोलॉइड. पायाचा व्यास ४० मीटर. बांधण्याची रीत रचनेइतकीच कल्पक होती. भोवती पराती उभारल्या नाहीत, यारी वापरली नाही. तेवढे लाकूड आणि यंत्रे होतीच कुठे? पहिला भाग जमिनीवर उभा राहिला. दुसरा त्याच्या पोटात, जमिनीवरच, जोडला गेला आणि हातरहाटांनी वर ओढून पहिल्याच्या माथ्यावर बसवला. तिसरा दोघांच्या पोटातून वर गेला. दुर्बिणीच्या नळ्या एकीतून एक बाहेर काढाव्यात तसा मनोरा स्वतःच्या आतूनच वाढत गेला. स्वतःचाच आधार घेऊन वर जाणारी ही वाढ पाहिली की रचना आणि रचण्याची प्रक्रिया यांत तफावत न ठेवणाऱ्या मोजक्या कलाकृतींची आठवण व्हावी.

शुखोव्हच्या रोजनिशीत या काळातल्या टंचाईच्या नोंदी आहेत. लोखंड नाही, पैसा नाही, मजुरांना भाकरी नाही. त्याची स्वतःची स्थितीही वेगळी नव्हती. ज्या कंपनीत त्याने आयुष्याची उमेद घालवली तिचे राष्ट्रीयीकरण झाले होते. राहते घर गेले होते. देश सोडून जाण्याची वाट त्याच्या तोडीच्या माणसाला मोकळी होती. त्याने ती घेतली नाही. राजकारण काहीही असो, मनोरे, बाष्पपात्रे आणि छपरांच्या कैच्या लागणारच, आणि म्हणून आपणही लागणार, अशा आशयाचा त्याचा विचार नोंदलेला आहे. यात शौर्याचा आव नाही, निष्ठेची घोषणाही नाही. कारागिराचा हा साधा हिशेब आहे. हा हिशेब पुरेसा होता का, याचे उत्तर लवकरच मिळाले.

२९ जून १९२१ रोजी चौथा भाग वर चढवला जात असताना दोर तुटला. चौथा भाग कोसळला आणि खालच्या भागांचेही मोठे नुकसान झाले. सुदैवाने प्राणहानी झाली नाही. चौकशी नेमली गेली. आराखड्यात दोष नाही, धातू थकला होता, असा तज्ज्ञांचा निष्कर्ष निघाला. तरीही शुखोव्हच्या वाट्याला जी शिक्षा आली तिचे नाव त्याच्या रोजनिशीत आढळते : सशर्त मृत्युदंड. काम पूर्ण होईपर्यंत गोळी लांबणीवर. जगाच्या स्थापत्येतिहासात अशा अटीवर उभ्या राहिलेल्या इमारती फार नसतील. पुढचे भाग चढले. नऊ महिन्यांत मनोरा पूर्ण झाला. शिक्षा अमलात आली नाही.

आपण या प्रसंगाकडे कसे पाहावे? हे क्रांतीच्या धैर्याचे स्मारक आहे असे एक वाचन आहे, आणि सोव्हिएत काळात तेच प्रचलित होते. एका निरपराध माणसाच्या मानेवर सुरा ठेवून काढून घेतलेले काम, असे दुसरे वाचन आहे, आणि १९९१ नंतर ते बोलले जाऊ लागले. आमच्या मते दोन्ही वाचने मनोऱ्याच्या बाहेरून येतात. मनोरा पाहून त्यात ना उत्साह दिसतो, ना भीती. चौथ्या भागाची जाळी पहिल्या भागाच्या जाळीइतकीच शांत आहे. लेखकाच्या चरित्रातून कृती वाचू नये, हा धडा आपण नवसमीक्षेकडून घेतला. पण चरित्र ठाऊक झाल्यावर कृती पूर्वीसारखी दिसत नाही, हेही तितकेच खरे. ही अडचण आम्हाला सोडवता येत नाही. तिला टाळावे असेही वाटत नाही.

*

मनोरा उभा राहत असतानाच एक कवी रेडिओविषयी लिहीत होता. व्हेलिमिर ख्लेब्निकोव्ह याने १९२१ साली 'भविष्याचा रेडिओ' हा छोटा निबंध लिहिला. त्यात रेडिओचे मुख्य केंद्र म्हणजे तारांनी वेढलेला एक लोखंडी किल्ला आहे. तिथून बातम्या, कविता, संगीत, वैद्याचे सल्ले, विद्यापीठांची व्याख्याने साऱ्या देशभर पाखरांच्या थव्यासारखी जातात. गावोगावच्या चौकांत प्रचंड पडद्यांवर लोक ती वाचतात, ऐकतात. एका देशाचे मन एक होईल, असे ते स्वप्न आहे. मात्र त्याच निबंधात कवीने एक भीतीही नोंदली आहे : हे केंद्र क्षणभर बंद पडले तर देशाची शुद्धच हरपेल. १९२२ च्या जूनमध्ये, मनोरा सुरू झाल्यानंतर तीनच महिन्यांनी, ख्लेब्निकोव्ह मरण पावला. निबंध छापून आला तो १९२७ साली.

पुढच्याच वर्षीची एक गंमत मायकोव्हस्कीच्या बाबतीत घडली. १९२२ च्या अखेरीस तो पॅरिसला जाऊन आला आणि १९२३ मध्ये त्याने आयफेल मनोऱ्याशी संवाद करणारी कविता प्रसिद्ध केली. कवितेत तो मनोऱ्याला बंड करायला आणि मॉस्कोला यायला सांगतो. लोखंडाचा महाकवी परक्या मनोऱ्याला निमंत्रण देत होता, तेव्हा घरचा मनोरा वर्षभर आधीच उभा होता. कवींनी अभियंत्याकडे पाहिले नाही, असा आमचा आरोप नाही. त्या काळात यंत्राची स्तुती सर्वांनीच केली. पण स्तुती करायची ती प्रतीकाची. जे प्रतीक म्हणून तयार मिळत नाही, ज्याला आधी नीट पाहावे लागते, ते साहित्याच्या नजरेतून निसटते. अलेक्सेय टॉलस्टॉयने १९२५ पासून लिहिलेल्या 'अभियंता गारिनचे हायपरबोलॉइड' या कादंबरीत हा शब्द लोकांच्या तोंडी नेला खरा. पण तिथले हायपरबोलॉइड म्हणजे किरणांनी जग जाळू पाहणारे संहारक यंत्र. भूमितीच्या दृष्टीनेही नाव चुकलेलेच, कारण किरण एकवटायला पॅराबोलॉइड, म्हणजे अन्वस्ताचे पृष्ठ, लागते. शब्द गाजला, वस्तू अंधारात राहिली.

मनोऱ्याकडे खऱ्या अर्थाने पाहिले ते छायाचित्रकाराने. १९२९ साली अलेक्सांद्र रोदचेन्को मनोऱ्याच्या आत उभा राहिला आणि त्याने कॅमेरा सरळ वर धरला. त्या छायाचित्रात मनोरा उंच दिसतच नाही. एकात एक वर्तुळे आणि त्यांना छेदणाऱ्या रेषा दिसतात. जणू कोळ्याचे जाळे, जणू एखाद्या घुमटाचे अंतरंग. बाहेरून जे स्मारक वाटते ते आतून आकाशाला लावलेली चाळण आहे, हे त्या चित्राने दाखवले.

*

आता आशयाविषयी, आणि इथे प्रकरण कठीण होते.

जाळी पारदर्शक होती. तिच्यातून जे प्रक्षेपित झाले ते तसे नव्हते. ख्लेब्निकोव्हच्या थव्यांऐवजी सोव्हिएत घराघरांत तारेने जोडलेली, काळ्या थाळीच्या आकाराची ध्वनिक्षेपके आली. त्यांना बहुधा एकच कार्यक्रम होता. आवाज लहान-मोठा करता येई. दुसरे काही ऐकता येत नसे. जून १९४१ मध्ये जर्मन आक्रमण झाल्यावर नागरिकांनी आपले रेडिओसंच सरकारजमा करावेत असा हुकूम निघाला आणि निवडीची उरलीसुरली शक्यताही संपली. एका देशाचे मन एक झाले; पण कवीने कल्पिले होते त्या अर्थाने नव्हे.

१९३९ हे वर्ष या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. २ फेब्रुवारीला शुखोव्ह मॉस्कोत वारला. मेणबत्ती कपड्यांवर पडून भाजल्याचे निमित्त झाले. १० मार्चला त्याच्या मनोऱ्यावरून मॉस्कोतील नियमित दूरचित्रवाणी प्रक्षेपण सुरू झाले. पहिल्या कार्यक्रमांत पक्षाच्या अठराव्या अधिवेशनावरचा चित्रपट होता. १५ मे रोजी कथाकार इसाक बाबेल याला अटक झाली आणि जूनमध्ये रंगभूमीचा दिग्दर्शक मेयरहोल्ड याला. पुढच्या जानेवारीत बाबेलला आणि २ फेब्रुवारी १९४० रोजी, शुखोव्हच्या मृत्यूला बरोबर एक वर्ष होत असताना, मेयरहोल्डला गोळी घालण्यात आली. दोघांची राख दोन्स्कॉय दफनभूमीतील एका सामाईक खड्ड्यात टाकली गेली. ही दफनभूमी शाबोलोव्कापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. एका बाजूला देशभर ऐकू जाणारा आवाज, दुसऱ्या बाजूला कायमचे बंद केलेले दोन आवाज. आणि मध्ये शहराचे दोन-चार रस्ते.

या शेजाराचा दोष मनोऱ्याला लावता येत नाही. तो कोणता आवाज वाहून नेतो हे लोखंडाला कळत नाही. पण म्हणून मनोऱ्याचे सौंदर्य निर्दोष ठरते का? मराठी वाचकाला हा प्रश्न परका नाही. आपल्याकडील एका पिढीने सोव्हिएत पुस्तके मराठीत वाचली. स्वस्त, सुबक, भक्कम बांधणीची. गॉर्की, टॉलस्टॉय, चेकॉव्ह त्यांतून घरात आले. बाबेल किंवा मेयरहोल्ड मात्र त्या वाटेने आमच्यापर्यंत पोहोचल्याचे स्मरत नाही. ती पुस्तके सुंदर होती, आणि काय छापायचे याचा निर्णय दुसरीकडे होत होता, ही दोन्ही विधाने एकाच वेळी खरी आहेत. एकाने दुसरे पुसले जात नाही. मनोऱ्याच्या बाबतीतही आम्हाला एवढेच म्हणता येते. माध्यम हाच संदेश, हे मॅक्लुअनचे सूत्र आपण फार उदारपणे वापरतो. शाबोलोव्काच्या मनोऱ्यात माध्यम एक सांगते आणि संदेश नेमका त्याच्या उलट. जाळी सांगते, की भार अनेकांनी वाटून घेतला तर कोणालाच वाकावे लागत नाही. आवाज सांगत होता, की सर्वांनी एकापुढे वाकावे.

*

१९६७ साली मॉस्कोच्या उत्तरेला ओस्तान्किनोचा ५४० मीटर उंचीचा मनोरा पूर्ण झाला. निकोलाय निकितिन याने तो काँक्रीटमध्ये, आतून पोलादी दोर ताणून, बांधला. टोरांटोचा मनोरा होईपर्यंत जगात तोच सर्वांत उंच होता. प्रक्षेपणाचे मुख्य काम तिकडे गेले. शाबोलोव्काचा मनोरा दूरचित्रवाणीच्या कार्यक्रमांत बोधचिन्ह म्हणून दिसत राहिला. वस्तूचे काम संपले की ती प्रतीक होते; तात्लिनचा मनोरा जिथून निघाला होता तिथे शुखोव्हचा मनोरा असा उलट्या वाटेने पोहोचला.

दरम्यान त्याचे रूप मात्र जगभर पसरले. जपानमधील कोबे बंदराचा १९६३ चा मनोरा, चीनमधील ग्वांगचौचा २०१० चा ६०० मीटरचा प्रक्षेपण मनोरा, ही त्याची सरळ वंशावळ. चंद्रपूरच्या औष्णिक वीजकेंद्रावरील कमरेत निमुळते होणारे अजस्र शीतकरण मनोरेही भूमितीने याच कुळातले, जरी त्यांचा उगम वेगळ्या, डच अभियंत्यांच्या कामात असला तरी. तिथेही वक्र भिंतीचे साचे आणि सळ्या सरळ रेषांच्या आधाराने बसवता येतात, म्हणून हे रूप परवडते. रोज ते मनोरे पाहणाऱ्या विद्यार्थ्याला गणिताच्या तासाला अपास्त शिकवताना खिडकीबाहेर बोट दाखवायला हरकत नाही.

मूळ मनोरा मात्र गंजत गेला. नंतरच्या काळातल्या एका दुरुस्तीत पायथ्याचे सांधे काँक्रीटमध्ये बुजवले गेले. शुखोव्हने ते मोकळे ठेवले होते. मनोऱ्याने उन्हात-थंडीत थोडे हलावे, श्वास घ्यावा, अशी योजना होती. पक्के करण्याच्या हेतूने केलेल्या या कामाने पाणी अडकले आणि लोखंड खाल्ले. हितचिंतकाने मूळ संहितेत 'दुरुस्ती' करावी आणि तिथूनच पाठ भ्रष्ट होत जावा, असे हे झाले. २०१४ साली सरकारी पातळीवर प्रस्ताव पुढे आला, की मनोरा उतरवावा आणि अन्यत्र पुन्हा उभारावा. विरोध मोठा झाला. ताडाओ आंडो, रेम कूलहास यांच्यासारख्या वास्तुरचनाकारांनी पत्रावर सह्या केल्या; मॉस्कोच्या रहिवाशांनीही मनोरा जागेवर ठेवण्याच्या बाजूने कौल दिला. प्रस्ताव मागे पडला. २०१६ मध्ये आतून आधाराचा एक सांगाडा उभारण्यात आला. मनोरा वाचला, पण रोदचेन्कोने पाहिलेले ते मोकळे अंतरंग आता टेकूंनी भरले.

हा वाद साहित्याच्या अभ्यासकाला ओळखीचा वाटावा. मनोरा उतरवून, गंजलेल्या पट्ट्या बदलून, दुसरीकडे उभारला तर तो तोच मनोरा राहतो का? आराखडा तोच, मापे तीच, रेषा त्याच. फक्त लोखंड नवे आणि जागा वेगळी. कविता म्हणजे शब्दांचा क्रम असे मानले तर नव्या कागदावर छापलेली कविता तीच असते. मग मनोऱ्याला तो न्याय का नाही? आमचे उत्तर असे, की शाबोलोव्काच्या मनोऱ्याचे लोखंड हे केवळ कागद नव्हे. युद्धसाठ्यातून काढलेले, अर्धपोटी मजुरांनी हातरहाटांनी ओढलेले, एकदा कोसळून पुन्हा चढवलेले ते लोखंड आहे. कोणत्या परिस्थितीत हा मनोरा उभा राहिला याचा तो एकमेव अनिर्बंध साक्षीदार. कागदपत्रे जाळता येतात, रोजनिशीतील नोंदींचा अर्थ बदलता येतो. ३५० ऐवजी १५० मीटर ही उंची मात्र एकोणीसशे एकोणीसच्या टंचाईची अशी नोंद आहे, की जी कोणाला संपादित करता येत नाही. आणि दोन्स्कॉयपासूनचे ते चालत जाण्याचे अंतर मनोरा हलवला की पुसले जाते.

म्हणून तात्लिनच्या मनोऱ्याशी त्याची तुलना शेवटी आम्हाला अशी करावीशी वाटते. जे बांधले गेले नाही त्याला इतिहास दूषित करू शकत नाही. ते निर्मळ राहते, ग्रंथांतून मिरवते. जे बांधले गेले त्याला गंज चढतो, त्याच्यावरून खोटेही बोलले जाते, त्याच्या कर्त्याला मरणाची धमकी मिळते. तरी पावसात भिजलेल्या त्या जाळीतल्या एकेका पट्टीवरून नजर फिरवली, तर ती पायापासून पुढच्या कड्यापर्यंत सरळच गेलेली दिसते.